चौदा चकचकीत ट्यूबा

कलावंताने सत्याशी कधीही तडजोड करू नये, असं वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी माझं ठाम मत होतं. त्या वेळी माझ्या लग्नाला सहा दिवस झाले होते आणि बायकोला माझ्याबद्दलची एक मुख्य गोष्ट सांगायची राहून गेली होती.

राहून गेली म्हणजे मी सांगितली नव्हती.

सकाळचे साडेसात वाजले होते. गुहागरच्या खाली, एका खाडीच्या तोंडावर भाटवेळ म्हणून गाव आहे. त्याच्या वरच्या कातळावर मी ईझल उभं केलं होतं. वाऱ्याने पडू नये म्हणून तिन्ही पायांना जांभ्याचे दगड लावले होते. कॅनव्हास चढवला होता. मागे विशाखा, म्हणजे माझी बायको, छत्री धरून उभी होती. मी ऐटीत रंगांची पेटी उघडली.

आतल्या चौदाच्या चौदा ट्यूबा चांदीच्या भांड्यांसारख्या चकाकत होत्या. एकीवरही अक्षर नव्हतं.

"काल दुपारी तुमचा डोळा लागला होता ना, तेव्हा केलं," विशाखा म्हणाली. "किती डाग पडले होते त्यांच्यावर. आधी कोमट पाण्यात भिजत घातल्या, मग तुमच्या त्या बाटलीतल्या तेलाने घासल्या. टर्पेंटाइनच ना ते? छान निघतं."

"वा," मी म्हणालो.

"आवडलं?"

"फारच."

दुसरं काय म्हणणार? सहा दिवसांत तिने माझ्यासाठी आपण होऊन केलेलं हे पहिलं काम होतं.

आता मुख्य गोष्ट. मला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. तपकिरीही त्यांच्यातच मिसळतो. निळा कळतो, पिवळा कळतो, काळा-पांढरा कळतो, बाकी सगळं मला वेगवेगळ्या दाटपणाच्या वरणासारखं दिसतं. हे मला कळलं तेविसाव्या वर्षी, रेल्वेच्या वैद्यकीय तपासणीत. डॉक्टरांनी ठिपक्यांचं एक पुस्तक पुढे धरलं आणि विचारलं, कुठला आकडा दिसतो? मी म्हणालो, आकडा नाही, ठिपके दिसतात. त्यांनी पान उलटलं. मी म्हणालो, हेही ठिपकेच आहेत. डॉक्टरांनी पुस्तक मिटलं आणि माझी स्टेशनमास्तरकीही मिटली.

घरी परतताना बसमध्ये मी ठरवलं की नोकरी मीच नाकारली. कलेसाठी. आमच्या आप्पाकाकांना ही गोष्ट इतकी आवडली की माझ्यासाठी मुली बघायला सुरुवात झाल्यावर त्यांनी ती प्रत्येक घरी सांगितली. इस्लामपूरला विशाखाच्या घरी तर त्यांनी त्यात रेल्वेच्या साहेबाची विनवणीही घातली. विशाखाचे वडील गहिवरले. मी पोह्यांतले शेंगदाणे मोजत बसलो. सगळं ठरल्यावर आता सांगू म्हटलं तर पत्रिका छापून आल्या होत्या, आणि मग तर लग्नच झालं. आता सांगायचं म्हणजे, तुम्हाला फसवून मुलगी करून घेतली, असं सांगायचं. ती बॅग उचलून पहिल्या गाडीने इस्लामपूरला गेली असती तर मला तिला अडवायला तोंड नव्हतं. आणि सहाच दिवसांत माझी अशी पंचाईत झाली होती की ती जाऊ नये असं मला फार वाटायला लागलं होतं.

तरी चित्रं मी काढत होतो, आणि तैलरंगातच काढत होतो. त्याचं कारण कलाविषयक नव्हतं. जलरंगांच्या वड्यांवर काही लिहिलेलं नसतं. ट्यूबेवर असतं. वाचायचं आणि लावायचं. पानं हिरवी, कौलं लाल, माती तपकिरी, हे मी पाढ्यांसारखं पाठ केलं होतं. कराडला आमच्या कचेरीत माझ्या रंगांच्या जाणिवेचं कौतुक होत असे.

आणि आता समोर खाडी होती, खाडीपलीकडे डोंगर होता, डोंगरावर झाडी, झाडीखाली जांभ्याचा उभा कडा, कड्याखाली कौलारू घरं. हिरवं, लाल, लाल. सगळ्या महाराष्ट्रात माझ्यासाठी याहून वाईट जागा नसेल. ट्यूबांची झाकणं उघडून पाहिली. आठ ओळखता आल्या. उरलेल्या सहा म्हणजे सहा वाट्यांतलं वरण.

"सुरुवात करा ना," विशाखा म्हणाली.

"आधी आकाश," मी म्हणालो. "नेहमी आकाशापासून सुरुवात करतात."

मी आकाश दोन दिवस काढलं.

पहिल्या दिवशी निळं केलं. दुसऱ्या दिवशी ढग घातले, खरवडले, पुन्हा घातले. मग समुद्र. समुद्राला माझी ना नव्हती, तो निळाच होता. खाऱ्या हवेत रंग वाळता वाळत नव्हता आणि आकाशाच्या डाव्या कोपऱ्यात चार चिलटं चिकटून बसली होती. विशाखा ती लांब गवताच्या काडीने काढायला गेली आणि तीनदा भलतीकडेच टोचून आली. मला ते फार गोड वाटलं.

तिची आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. चित्र बघायचं म्हणजे ती सात-आठ पावलं मागे जायची आणि मग बघायची. कधी जवळ यायची नाही. चित्र लांबून बघायचं असतं हे हिला कुणी शिकवलं असेल, म्हणून मी मनातल्या मनात हबकलो होतो. त्यात तिची नजर. पलीकडच्या काठाला लागलेल्या होडीवरचं नाव तिने बसल्या जागेवरून वाचलं. "जलदेवी," ती म्हणाली. "खाली मालकाचं पण आहे. पां. रा. काहीतरी." मला तिथे होडी आहे एवढंच दिसत होतं. अशा डोळ्यांच्या बाईसमोर मी डोंगर रंगवणार होतो.

आम्ही उतरलो होतो ते घाग काकूंकडे. आमच्या कचेरीतल्या शिपायाची ही मावशी. दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आणि ओट्यावर खानावळ. भिंतीवर पाटी होती, त्यावर पदार्थ लिहिलेले. जेवायला बसल्यावर छापील कार्डही पुढे यायचं, काकूंचा मुंबईचा मुलगा छापून घेऊन आला होता.

"काय मागवूया?" मी कार्ड विशाखापुढे करायचो.

"तुम्हीच सांगा," ती म्हणायची आणि कार्ड न बघता परत द्यायची. माझ्यावर एवढा विश्वास आधी कुणी टाकला नव्हता. माझ्या शर्टाचं बटण तुटलं तेव्हाही, "मी लावते, पण दोरा तुम्ही ओवून द्या हं," म्हणाली. मी ओवून दिला. बटण एका काजाइतकं खाली लागलं. मी तो शर्ट त्या आठवड्यात तीनदा घातला.

फक्त एक गोष्ट मला कळत नव्हती. तिच्या पर्समध्ये तिच्या आईचं पत्र होतं. निघताना आईने हातात कोंबलेलं. बंद पाकीट. ती ते रोज बाहेर काढायची, हातात धरायची आणि परत ठेवून द्यायची.

"वाचत का नाहीस?"

"वाचेन. घरी गेल्यावर."

"आठ दिवसांनी?"

"वाचलं की रडू येईल ना," ती म्हणाली. हे मला पटलं. पण ती म्हणताना खाडीकडे बघत होती.

तिसऱ्या दिवशी काकू स्वतः चहाची किटली घेऊन कातळावर आल्या. पदर खोचून त्यांनी चित्राकडे पाहिलं.

"काय ओ पाव्हणे, तीन दिवस नुसतं आभाळच? डोंगर बघून घेताय काय? पळून नाय जायचा तो."

"आज काढणार आहेत," विशाखा म्हणाली. "हो ना?"

"आज डोंगरच," मी म्हणालो.

आता सुटका नव्हती. मी सहा ट्यूबांकडे बघितलं. मनाशी हिशेब केला की हिरवा नेहमी जास्त वापरतो, तेव्हा जी ट्यूब जास्त दबलेली ती हिरवी. तर्क चांगला होता. मात्र विशाखाने घासताना सगळ्या ट्यूबा खालून नीट वर दाबत आणून एकसारख्या केल्या होत्या. मग मी वासावर गेलो. सगळ्यांना जवसाच्या तेलाचा वास येत होता. शेवटी, मला जी जरा काळपट वाटली ती झाडीला आणि जरा उजळ वाटली ती कड्याला, असं ठरवून मी सुरुवात केली, आणि एकदा सुरुवात केल्यावर जोरात केली. घाबरलेला माणूस फार आत्मविश्वासाने ब्रश मारतो. तासाभरात डोंगर उभा राहिला. मला तो हुबेहूब वाटला.

काकू कपबशा गोळा करायला परत आल्या. त्या चित्रासमोर उभ्या राहिल्या, मग खाडीपलीकडे पाहिलं, मग परत चित्राकडे.

"डोंगर पेटलाय काय ओ?" त्यांनी विचारलं.

मी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला.

"आणि ह्या कड्यावर एवढं शेवाळ? घरांवर पण?"

"ती एक पद्धत आहे," मी म्हणालो. "परदेशात हल्ली असं काढतात."

"असंल," काकू म्हणाल्या. "तिकडं आजार पण लय हायेत." आणि किटली घेऊन उतरून गेल्या.

मी ब्रश पुसत बसलो. तो पुसून झाला होता तरी पुसत बसलो. विशाखाने छत्री मिटली. ती माझ्यासमोर येऊन कातळावर बसली.

"एक विचारू?"

"विचार."

"मला बघायला आलात तेव्हा मी साडी कुठली नेसले होते?"

"लाल," मी म्हणालो. मी तेव्हा तसं बोललोही होतो, लाल रंग तुम्हाला शोभून दिसतो म्हणून. संध्याकाळभर तयारी करून केलेलं वाक्य होतं ते.

"हिरवी होती," ती म्हणाली. "पोपटी. तुम्ही निघून गेल्यावर आमच्याकडे दोन दिवस चर्चा. बाबा म्हणाले, कलावंत माणूस आहे, गंमत केली असेल. आई म्हणाली, याचं लक्ष पलीकडे उभ्या असलेल्या विजूकडे असणार, तिची लाल होती. मला दोन दिवस तेच वाटत होतं."

"विजू कोण?"

"जाऊ दे आता." ती थांबली. "रेल्वेची नोकरी तुम्ही नाकारली नव्हती ना?"

समुद्राचा आवाज फार मोठा होता असं नाही, पण त्या क्षणी तो जरा वाढला तर बरं असं मला वाटलं.

"नाही," मी म्हणालो. "त्यांनी घेतलं नाही. डोळ्यांमुळे."

मग मी सगळं सांगितलं. ठिपके, आप्पाकाका, जलरंगाच्या वड्या. ट्यूबांचंही सांगितलं, म्हणजे त्यांवर लिहिलेलं होतं आणि ते गेलं, एवढंच. कुणी घालवलं ते गाळलं. ती ऐकत होती. सांगून झाल्यावर मी म्हणालो, "तुला जायचं असेल तर दुपारी अडीचची चिपळूण गाडी आहे. मी स्टँडपर्यंत येईन. बॅग जड आहे."

ती उठली. पर्स उघडली. मला वाटलं, सुटे पैसे बघते आहे. तिने आईचं पाकीट काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"हे वाचून दाखवा."

"मी? तुझ्या आईचं पत्र?"

"मला नाही वाचता येत."

माझ्या सासरच्यांनी मुलगी बी. कॉम. असल्याचं सांगितलं होतं. क्षणभर मला आनंद झाला हे कबूल केलं पाहिजे. म्हणजे त्यांनीही.

"तसं नाही हो," ती म्हणाली आणि तिचा चेहरा बदलला. कोणता रंग आला ते मला सांगता येणार नाही, पण आला. "चष्म्याशिवाय. सहावीपासून आहे मला. प्लस चार. लांबचं सगळं दिसतं, जवळचं काही दिसत नाही. तुम्ही बघायला येणार म्हणून आईने काढून ठेवला, मग साखरपुड्याला काढून ठेवला, मग लग्नात. आणि इकडे येताना काढूनच घेतला. म्हणाली, महिनाभर तरी कळू देऊ नकोस, सोन्यासारखं स्थळ आहे. चष्म्यातनं माझे डोळे एवढाले दिसतात. दोन मुलांनी नाही म्हटलं होतं आधी."

तिने हाताने डोळ्यांचा आकार दाखवला. मी बघत राहिलो.

"त्या ट्यूबांवर लिहिलेलं होतं हे मला दिसलंच नाही," ती म्हणाली. "मला ते डाग वाटले. आत्ता तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं मी काय करून ठेवलं ते."

मग ती रडायला लागली. तीन दिवस दाबून ठेवलेलं असावं. मी रुमाल पुढे केला. त्याला टर्पेंटाइनचा वास होता आणि त्याने ती आणखी रडली. मला बायको रडत असताना काय करायचं असतं ते माहीत नव्हतं. लग्नात त्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. मी पाकीट फोडलं आणि वाचायला लागलो.

"चि. विशाखास अनेक आशीर्वाद. तू निघालीस आणि घर ओकंबोकं झालं. तिकडे मासे जपून खा, तुला काटे दिसत नाहीत." मी थांबलो.

"वाचा," ती नाक पुसत म्हणाली.

"ओला पदर अंगावर वाळवू नकोस. मला रात्रभर झोप नाही. पोरीला आंधळी करून धाडलं असं वाटत राहिलं. मला राहवलं नाही. तुझा चष्मा बॅगेत अगदी तळाला, निळ्या शालीच्या घडीत ठेवला आहे. शाल उलगडशील तेव्हा जपून."

मी पत्र खाली केलं. खाली खाडीत कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं.

"म्हणजे तो इथेच आहे?" ती म्हणाली.

"तीन दिवस."

"आणि कुठे ठेवलाय ते पत्रात लिहिलं."

"हो."

"जे मी चष्म्याशिवाय..."

"हो."

"आईचं हे असंच असतं," ती म्हणाली आणि तिला हसू फुटलं. रडणं पुरतं थांबलं नव्हतं, त्यामुळे दोन्ही एकदमच चाललं होतं.

"अजून एक ओळ आहे," मी म्हणालो. "गुपचूप लाव. जावईबापूंना एवढ्यात काही कळू देऊ नकोस. ते कलावंत आहेत, त्यांना सगळं सुंदर लागतं. तुझी आई."

खोलीवर गेलो. शाल निघाली, चष्मा निघाला. जाड, चौकोनी, एका बाजूला टाचणी लावलेला. विशाखाने तो घातला आणि माझ्याकडे पाहिलं. डोळे खरंच मोठे दिसत होते. घरातलं कुणीतरी खूप लक्ष देऊन ऐकतंय असं वाटावं, तसे. ती बराच वेळ बघत राहिली.

"एवढ्या जवळून पहिल्यांदाच बघतेय तुम्हाला," ती म्हणाली.

"मग?"

"ठीक आहे."

मग तिने माझ्या शर्टाकडे पाहिलं. "अगंबाई, हे बटण," ती म्हणाली. ते तिने काढून पुन्हा लावू म्हटलं. मी लावू दिलं नाही.

दुपारी अडीचची गाडी गेली. आम्ही ओट्यावर ट्यूबा मांडून बसलो होतो. काकूंकडून भाताची खळ आणली, वहीच्या कागदाच्या पट्ट्या कापल्या. विशाखा प्रत्येक ट्यूब उघडून टोकाला बोट लावायची, बघायची आणि पट्टीवर लिहायची. कंपनीची नावं तिला ठाऊक नव्हती. तिने लिहिलं: पेरूचं पान. भाजलेली वीट. आमसूल. शिळं गवत. कुंकू. सहाव्या ट्यूबेपाशी अडली.

"हा कसला म्हणायचा? बसच्या सीटसारखा आहे."

"तेच लिही."

काकू पाटावर तांदूळ निवडत सगळं बघत होत्या. "आज चष्मा लावलाय होय बाईंनी," त्या म्हणाल्या. "बरं केलंत. पयल्या दिवशी तुमी मिठाच्या बरणीतनं साखर घेतलीत, तवाच वळखलं मी."

"मग बोलला का नाहीत, काकू?"

"नवीन लगीन," काकू म्हणाल्या. "आपण कशाला मधी पडा?"

पुढचे चार दिवस आम्ही कातळावर बसलो. पेटलेला डोंगर सुरीने खरवडून काढला. मी रेषा बघायचो, उतार बघायचो, सावल्या बघायचो. ती माझ्या शेजारी गुडघे मुडपून बसून सांगायची. कडा नुसता वीट नाही, खालच्या अंगाला आमसूल घाला. वरची झाडी पेरूच्या पानाची, पण उन्हात आहे तिथे पिवळा मिसळा. तिथे नको, इकडे. लांबचं बघायचं तर ती चष्मा कपाळावर चढवायची, कॅनव्हासकडे बघायचं तर खाली ओढायची. दिवसभर वर, खाली. मी एखादा रंग लावला आणि ती काही बोलली नाही की बरोबर. बोलली की चूक. लग्नानंतरची ही पद्धत आमच्याकडे पुढे सगळ्याच बाबतींत चालू राहिली.

शेवटच्या दिवशी तिने सही करायला सांगितली. मी म्हणालो, दोघांची करू. ती म्हणाली, नको, लोक विचारतील. तिने चिलटं काढायला नखाने कोपरा टोकरला, तेवढी तिची खूण आकाशात राहिली.

त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. त्या सहा ट्यूबा केव्हाच संपल्या. मी नंतर दहा-बारा चित्रं काढली आणि मग बढती मिळाली. येणारे-जाणारे त्या चित्राची तारीफ करतात, विशेषतः डोंगराची. हिरवा आणि तांबडा कसा फुललाय म्हणतात. मला तो डोंगर अजूनही सगळा एकाच रंगाचा दिसतो. विशाखा आतून विचारते, कोण आलंय, आणि मी सांगतो, डोंगर आवडलेले लोक.

चित्र बाहेरच्या खोलीत दारामागे लावलं आहे, कारण तिथे मेन स्विचचा बोर्ड आहे आणि तो त्याने बरोबर झाकला जातो. फ्यूज गेला की उतरवावं लागतं.